समुद्राकडचं दार

खर्र... खर्र... खवणीवर नारळ फिरू लागला आणि घरातली पहाटेची शांतता मोडली. तुआइनेनं डोळे न उघडताच ओळखलं, सासूबाई उठल्या. कुराआजींचा हात आता पूर्वीसारखा सपासप चालत नसे. मध्येच थांबे, दम घेई, मग पुन्हा सुरू होई. आवाज थांबला की तुआइनेचा जीव टांगणीला लागे आणि पुन्हा आला की जागेवर येई.

"आई, राहू द्या ना. मी खवते."

"तू नीज. तुझ्या हातचं खोबरं कोंबड्यासुद्धा निवडून खातात."

तुआइने पडल्या पडल्या हसली. शेजारी इना हातपाय फेकून झोपली होती. पाच वर्षांचा एवढासा जीव, पण सगळी चटई तिनं स्वतःच्या नावावर करून घेतली होती. पुना, तिचा बाप, ऑकलंडला बांधकामावर. तो गेल्यापासून घरात तिघीच होत्या आणि तिघींत आवाज सगळ्यात मोठा धाकटीचा.

इना हे नाव कुराआजींनीच ठेवलं होतं. मोतुरेआ बेटावर नावं अशीच चालत येतात, गेलेल्याचं आलेल्याला. थोरली इना ही कुराआजींची बहीण. गोवराच्या साथीत ती गेली तेव्हा कुराआजी अंगावर पीत होत्या, म्हणजे पाहिल्याचं आठवायचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर आईबाप तान्हीला काखोटीला मारून लांबच्या बेटावर फॉस्फेटच्या खाणीत मजुरीला गेले. आई तिथंच वारली. पोर जरा कळती झाल्यावर मामानं तिला परत आणलं, तेव्हा आईचं म्हणून तिच्याजवळ एक वाक्य तेवढं होतं. आई ते तिला निजताना म्हणायची, अंगाई म्हणावी तसं.

‘चर्चच्या दारातून बाहेर आलीस की उजव्या हाताची, भिंतीलगतच्या ओळीतली शेवटची. शिंपल्यांची.’

एवढ्या वाक्याच्या बळावर त्या पोरीनं बहीण शोधून काढली. दारातून बाहेर आली, उजवीकडे वळली, भिंतीलगत ओळीच्या टोकाला गेली, तर तिथं खरंच एक लहानशी कबर. शिंपले मात्र नव्हते. मधल्या काळात मोठं वादळ होऊन गेलं होतं. समुद्रानं नेले असतील, लोक म्हणाले.

तेव्हापासून दर नाताळाआधी त्या कबरीला कुराआजींच्या हातचा चुना लागे. दर रविवारी उपासना आटोपली की डोक्यावर पांढरी विणलेली टोपी, हातात अनंताची फुलं, आणि कबरीशेजारी बसून पोटभर गप्पा. सासूनं काय बोलून दाखवलं, नवरा कुठं तोंड फुगवून बसला, पुनाला पहिला दात कधी आला, सगळं. कबरीच्या अलीकडे एक माणूस निजेल एवढी जागा मोकळी होती, ती त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. तिथं कुणाचा चुकून पाय पडला की म्हणत, "ए, माझ्या उशीवर उभा आहेस."

या वर्षी मात्र पायांनी दगा दिला. चुना लावायचं काम प्रथमच तुआइनेकडे आलं.

"नीट लाव," सकाळी नारळाच्या दुधातली अळूची भाजी तिच्या ताटलीत वाढत त्या म्हणाल्या. "कडेकडेनं आधी. आणि तिला सांग, मी आले नाही म्हणून रुसू नको म्हणावं."

"सांगते."

"मोठ्यानं सांग. लहान होती ती, लक्ष नसतं पोरांचं."

त्या आठवड्यात चर्चपाशी नुसती झुंबड होती. एक तर भिंती खरवडायचं काम निघालं होतं. चर्च मूळचं प्रवाळाच्या दगडांचं, प्रवाळच जाळून केलेल्या चुन्यात बांधलेलं. मागच्या पिढीनं मजबुतीसाठी म्हणून वरून सिमेंट फासलं आणि भिंतींचा श्वासच कोंडला. आतल्या आत खार साचला, पोपडे फुगले. आता गावातल्या बायका ते सिमेंट काढून पुन्हा चुना चढवणार होत्या. माडांखाली खड्ड्यात चुना भिजत पडला होता आणि त्याचा उग्र वास थेट दुकानापर्यंत जात होता.

दुसरं काम समुद्राचं. चर्चच्या मागच्या अंगाला पूर्वी म्हणे मोठं अंगण होतं आणि त्यापुढे वाळू. आता लाट कबरींच्या ओळीला येऊन चाटत होती. तिथं दगडांचा बांध घालायचा ठरलं होतं. दगड आले होते, ते उचलणारं यंत्रही बोटीनं आलं होतं. रविवारी चर्चचा कारभार पाहणाऱ्या ताओरोआजोबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मागच्या ओळीत ज्यांची माणसं आहेत त्यांनी ती शनिवारपर्यंत घरी न्यावीत. जे राहतील त्यांच्यासाठी प्रार्थना करू. सोमवारी त्यांच्यावर दगड पडतील."

एकेका घरानं आपापलं माणूस नेलं. गोधडीत गुंडाळून, गाणी म्हणत, अंगणातल्या जागेत. घरच्या अंगणात कबर असणं इथं नवं नाही. मुलं तिच्यावर बसून अभ्यास करतात. शेवटी मागच्या ओळीच्या टोकाला एकच कबर उरली. लहानशी, काळपट, शेवाळलेली. कित्येक वर्षांत तिला कुणी चुना लावलेला नव्हता. कुणाची ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

इनाला मात्र तीच कबर आवडायची. आई काम करत असली की ही तिथं जाऊन बसे, आंबा खाई आणि कोय तिच्या उशाशी ठेवी.

"हिला कोण नेणार?" ती दोनदा विचारून गेली होती.

"देव नेईल."

"देवाकडे स्कूटर आहे?"

"भिंतीला टेकू नकोस, फ्रॉक खराब होतोय," तुआइने म्हणाली. पण ते काळं ढेकूळ दिसलं की तिच्याही मनात कसंसंच होई. कुणीतरी कधीतरी रडलं असेलच ना हिच्यापाशी.

शुक्रवारी बायका मागच्या भिंतीला भिडल्या. तुआइनेच्या शेजारी अकैती होती, पलीकडच्या घरची. तिची जीभ छिन्नीपेक्षा धारदार.

"आपल्याच नवऱ्यांनी फासायचं आणि आपण खरवडायचं," अकैती म्हणाली. "संसार संसार म्हणतात तो हाच."

"तुझ्या नवऱ्यानं कधी काही फासलेलं मी पाहिलं नाही," मागून कुणी बोललं.

"अगं, त्याचंच तेवढं टिकलंय. त्यानं केलंच नाही ना."

हसता हसता अकैतीनं छिन्नी जरा जोरात मारली आणि सिमेंटचा मोठा पापुद्रा धाडकन खाली आला. धूळ बसल्यावर सगळ्या बघतच राहिल्या. बाकीची भिंत ओबडधोबड गोट्यांची, पण इथं मधोमध चौकोनी, घडीव दगड एकावर एक रचलेले. दोन्ही बाजूंना सरळ कडा, वरती कमान आणि खाली पायांनी झिजून खोलगट झालेला एक दगड.

ताओरोआजोबा माडाखाली खुर्ची टाकून देखरेख करत होते, म्हणजे चहा पीत होते. "सापडलं का ते?" ते बसल्या जागेवरून म्हणाले.

"काय आहे हे, आजोबा?"

"दार."

"कसलं दार?"

"चर्चचं. दुसरं कसलं असणार? मी पोरगा होतो तोवर इथूनच जाये सगळं गाव. पहिला उपदेशक होडीतून आला ना, म्हणून दार समुद्राकडे. मग वादळात समुद्रही त्याच दारानं आत आला, पार व्यासपीठापर्यंत. मी स्वतः बाकाखालून मासे वेचलेत. मोठी माणसं म्हणाली, देवाचं येणं ठीक, पण याचं पुरे झालं. बुजवलं हे दार आणि डोंगराकडे नवं फोडलं."

"कधी बोलला नाहीत ते."

"कधी विचारलंत? तुम्ही बायका मला चहा हवा का, याशिवाय काय विचारता?"

सगळ्या हसल्या. तुआइनेला हसू आलं नाही. तिच्या हातातली छिन्नी तशीच राहिली होती आणि कानात सासूबाईंचा आवाज घुमत होता. ‘दारातून बाहेर आलीस की...’

ती झिजलेल्या दगडावर चढली. बुजवलेल्या दाराला पाठ लावून उभी राहिली, आता कुणी आतून बाहेर आल्यासारखी. समोर समुद्र. उजवा हात तिनं हळूच बाजूला केला आणि हात गेला त्या दिशेला पाहिलं. भिंतीलगतची ओळ. रिकामे खड्डे, रिकामे खड्डे, आणि टोकाला ती एकटी. आंब्याच्या दोन कोयी उशाला घेतलेली.

ती खाली उतरली. तिनं डबा खायचा चमचा पिशवीतून काढला, कबरीशेजारी गुडघे टेकले आणि कडेचं शेवाळ हलक्या हातानं खरवडू लागली. शेवाळाखाली काळी खपली, खपलीखाली जुना, पिवळट चुना. मग चमचा कशावर तरी टणकन वाजला. हळदीच्या रंगाचा शिंपला, नखाएवढा. रविवारी गळ्यात घालायच्या माळा ओवतात ना, त्यातला. त्याच्या पलीकडे दुसरा. मग आणखी एक. कडेनं ओळच होती.

आणि प्रत्येक शिंपल्याभोवती एक खळगा. ओल्या चुन्यात शिंपला बसवताना कुणाच्या तरी अंगठ्यानं दाबलेला. त्यावरच्या बारीक रेषासुद्धा जाग्यावर होत्या.

अकैती कधी मागे येऊन उभी राहिली ते तुआइनेला कळलं नाही. ती शिंपल्यांकडे पाहत होती. कुराआजींचं ते वाक्य गावात कुणाला पाठ नव्हतं?

"सांगू नकोस," अकैती हळू म्हणाली. आज तिच्या आवाजाला धार नव्हती. "ऐकतेस ना? म्हातारीचं सगळं आयुष्य गेलं त्या पलीकडच्या कबरीपाशी. आता चार दिवसांची पाहुणी ती. कशाला तिच्या पायाखालची जमीन काढतेस?"

"सोमवारी हिच्यावर दगड पडतील."

"पडू देत. हिला काय कळतंय."

"आणि आई तिकडे जाऊन परक्याशेजारी निजतील."

"त्यांच्या लेखी तो परका नाही ना. माझं ऐक, थोडा चुना लाव आणि झाकून टाक."

अकैतीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते गिळता येईना. तुआइनेनं दुपारभर दुसरं काही केलं नाही. नव्या दाराकडच्या त्या कबरीला आधी कडेकडेनं, मग मधे, असा नीट चुना लावला, आणि सांगितल्याप्रमाणे मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं. कुणाला सांगायचं, रुसू नको म्हणून? खाली कोण होतं? कुणाचं होतं?

घरी जाताना इना तिच्या कडेवर झोपली. मोठी झाली तरी झोप आली की तिला कडेवरच लागतं. पोरीचा घामेजला गाल खांद्यावर टेकला आणि तुआइनेच्या डोळ्यांसमोर ती दुसरी बाई आली. एक लेक मातीखाली, एक पदराखाली. तान्ही रडतेय, चुना वाळत चाललाय आणि ही अंगठ्यानं शिंपले दाबतेय एकेक, होडी सुटायच्या आत. परत येणं होईल न होईल. मग मुलीबरोबर निरोप धाडावा तसं तिनं ते एक वाक्य धाडलं. दार बदललं, ते त्या बिचारीला कोण कळवणार होतं? निरोप अजून पोचलेलाच नव्हता. आणि आता तो तुआइनेच्या हातात होता.

जेवताना तिनं सांगितलं. फार बोलली नाही. जुनं दार सापडलं, ताओरोआजोबांना ते ठाऊक होतं, ते समुद्राकडे होतं, उजव्या हाताला ती काळी कबर येते, तिच्यावर शिंपले आहेत.

कुराआजींनी नीरफणसाचा तुकडा तोंडाकडे नेला होता, तो परत ताटलीत ठेवला.

"पिवळे?"

"पिवळे."

"कडेनं?"

"कडेनं. अंगठ्याचे ठसे आहेत, आई. तुमच्या आईच्या."



"म्हणजे," कुराआजी म्हणाल्या, "माझी सगळी भांडणं कुणा परक्यानं ऐकली. तुझ्या सासऱ्याशी झालेली सुद्धा. काय काय बोलले होते मी." त्यांनी ताटली बाजूला सरकवली. "चर्चच्या पलीकडे ती होती. रविवारी मी तिच्याकडे पाठ करून बसायचे."

एवढंच बोलून त्या आपल्या चटईवर गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. तुआइनेला वाटलं, अकैतीचं ऐकायला हवं होतं.

सकाळी खवणीचा आवाज आला नाही. तुआइनेला त्या शांततेनंच जाग आली. ती धडपडत बाहेर आली. कुराआजी ओट्यावर बसल्या होत्या. अंगात रविवारचा पांढरा झगा, डोक्यावर टोपी, मांडीवर पेटीतून काढलेली गोधडी. लाल फुलांची, स्वतःच्या मरणासाठी स्वतः शिवलेली. टाके बघून बायकांनी तोंडात बोटं घालावीत अशी.

"स्कूटर काढ," त्या म्हणाल्या. "शनिवार आहे ना आज? आणि ताओरोला निरोप धाड, माणसं घेऊन ये म्हणावं. एवढी वर्षं दार पोटात ठेवून बसला, आता खणू दे त्यालाच."

"ही गोधडी?"

"मला दुसरी शिवीन. नाही झाली तर तू शीव. टाके मोठे येतील तुझे, पण तेव्हा मी कुठं बघायला येतेय."

इना पुढे उभी, तुआइने मधे, कुराआजी मागे गोधडी कवटाळून, अशी स्कूटर चर्चला निघाली. वाटेत अकैती झाडत होती. तिनं तिघींना पाहिलं, झाडू खाली ठेवला आणि घरात जाऊन फुलांची परडी घेऊन मागोमाग चालू लागली.

मागच्या ओळीपाशी तुआइनेनं सासूबाईंना धरून खाली बसवलं. शिंपल्यांवरून त्यांची बोटं फिरली, मग एका खळग्यात त्यांनी आपला अंगठा ठेवला. तो बसेना. त्यांचा अंगठा म्हातारा, सांध्याशी सुजलेला, आणि खळगा नाजूक.

"पोरगीच होती की माझी आई," त्या नवल वाटल्यासारखं म्हणाल्या. "तुझ्याहून लहान असेल." त्यांनी तुआइनेचा हात ओढून तिचा अंगठा तिथं ठेवला. तो बसला. पण जेमतेम.

मग त्या कबरीशी बोलू लागल्या, हळू आवाजात. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळत नसावं, कारण पहिल्यांदा त्यांनी नुसतं आपलं नाव सांगितलं. कोण आपण, कुणाची मुलगी.

ताओरोआजोबा चार जणांना घेऊन आले आणि टोपी काढून लांबच थांबले. घाई कुणीच केली नाही. अकैतीनं परडी ठेवली आणि कानाशी लागून विचारलं, "आता पलीकडच्या त्या कबरीचं काय?"

ते कुराआजींना ऐकू गेलं. "काय म्हणजे? दर वर्षी चुना लागेल तिला," त्या मागे न वळता म्हणाल्या. "माझं सगळं माहीत आहे तिथं कुणाला तरी. आता एकदम बोलणं तोडलं तर काय वाटेल?"

इना आतापर्यंत आईचा झगा धरून उभी होती. कबरीकडे, मग चर्चच्या पलीकडे, नव्या दाराच्या दिशेला, मग पुन्हा कबरीकडे तिची नजर जात-येत होती. पोरीच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. तिनं झगा ओढला. तुआइने खाली वाकली.

"आई, आजी तिकडे बसून ‘इना, इना’ म्हणायची ना?"

"हो."

"मग ही इकडून ‘ओ’ देत होती का?"